ओळ एकोणचाळीस

ऑक्टोबरात रोवानिएमीच्या पार्किंगमध्ये
कुणाला तरी एक पेन ड्राइव्ह सापडला.
कुणाचा आहे बघावं, परत करावा,
एवढ्याच भल्या विचारानं त्यानं तो संगणकाला लावला
आणि निम्म्या लॅपलंडचे दवाखाने
तीन दिवस कागदावर चालले.

तेव्हापासून आम्ही ताकही फुंकून पितो.
ओउलूत, तिसऱ्या मजल्यावर बसून
मी नियम लिहिला :
सर्व्हरवरच्या दूरच्या डेस्कटॉपला
यादीत असेल तेच जोडलं जाईल.
कीबोर्ड, माउस, हेडसेट, कार्ड रीडर,
टायपिस्टांचं पायानं दाबायचं पेडल.
अडतीस ओळी. बाकी सगळ्यांना नाही.
नाही म्हणताना यंत्र आवाज चढवत नाही,
नोंद ठेवतं फक्त.

नोव्हेंबर संपता संपता, एका मंगळवारी
त्या नोंदींत एकच अनोळखी उपकरण
सदतीस वेळा.
चार अक्षरं कंपनीची, चार वस्तूची,
ठिकाण उत्सयोकी,
जिथे सूर्य आता जानेवारीपर्यंत रजेवर.
वाटलं, सापडला चोर.
कॉफी तशीच ठेवून फोन लावला.

रिट्वा लॅन्समन.
डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकून रिपोर्ट टाइप करते,
बावीस वर्षं, घरूनच.
"चोर नाही," ती म्हणाली, "माझी ओळ आहे ती.
चाळीस खाचांची. टाचण्या वर येतात,
मी बोटांनी वाचते.
शुक्रवारपासून सपाट पडलीय,
टेबलासारखी."

मग काम कसं केलंत?
"कानांनी. एका कानात डॉक्टर,
दुसऱ्यात स्क्रीन वाचणारा आवाज.
एकच रेनडिअर विकायला निघालेल्या
दोन भावांसारखे एकदम बोलतात.
तक्रार करणार नव्हते.
पण आज एका म्हाताऱ्याच्या गोळीपुढे
पंधरा पडलंय की पन्नास,
ते मला बोटांखाली घेऊन बघायचंय.
आवाज म्हणतो पंधरा.
ऐकून लिहिते मी,
ऐकून सही करत नाही."

मी वाचून दाखवलं असतं.
पण रुग्णाची फाइल उघडायची
परवानगी मलाही नाही.
त्या यादीत मी नाही.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
जाळणाऱ्याला ते
निदान वासावरून कळायला हवं होतं.

अपवादाचा अर्ज मीच भरला.
उपकरणाचा प्रकार : साठवण, ध्वनी, छपाई, इतर.
इतर.
माहिती बाहेर नेऊ शकतं का?
या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो.
लिहिलं : हो, एका बाईच्या बोटांपर्यंत.
खोडलं. लिहिलं, नाही.
गरजेचं कारण, दोनशे अक्षरांत :
वाचन.

सुरक्षाप्रमुख ऑस्मो हेल्लाकोस्की
दुपारी अडीचला बैठकीतून बाहेर आला.
सही करताना म्हणाला, "एवढंच कारण?"
खिडकीबाहेर दिवे लागले होते.

ओळ एकोणचाळीस मी लिहिली
अगदी अनुक्रमांकापर्यंत,
त्या एका यंत्रापुरती, त्या एका टेबलापुरती.
"लावा आता," फोनवर म्हणालो.

आधी काहीच नाही.
मग बारीक खडखड,
कुणी ताटलीत मोहरी ओतावी तशी.
मग तिचा श्वास.
"पन्नास," ती म्हणाली,
"पन्नासच पडलं होतं. थांबा."
कीबोर्डवर तीनचार ठोके,
पुन्हा खडखड.
"पंधरा."
आणि फोन ठेवला.

दर जानेवारीत आम्ही यादी झाडून घेतो.
नवा मुलगा, ओन्नी, विचारतो
ही एकोणचाळीसावी कुणाची,
प्रकार इतर, कारण एक शब्द,
काढू?

तिला मी कधी पाहिलं नाही.
तिनंही मला नाही.
राहू दे म्हणालो,
पेडलच्या खाली आहे ना,
तिथेच राहू दे.